ओळी उद्धृत केल्या, पण मुद्दा सिद्ध झाला का?

नमस्कार! कवितेवरचे निबंध वाचताना एक वाक्य मला सारखं भेटतं: ‘या ओळींतून कवीची बंडखोर वृत्ती दिसून येते.’ वर चार ओळी उतरवलेल्या, खाली हे वाक्य, की परिच्छेद संपला. अहो, पण कुठे दिसून येते? कोणत्या शब्दात? ते दाखवणं हेच तर आपलं काम, आणि नेमकं तेच राहून जातं.

आज केशवसुतांची ‘तुतारी’ घेऊ. १८९३ची कविता, सुरुवात अनेकांना पाठ:

‘एक तुतारी द्या मज आणुनि
फुंकिन मी जी स्वप्राणाने’

परिच्छेद कशाने सुरू कराल? ‘केशवसुत हे क्रांतिकारक कवी होते’ असं लिहिलंत, तर कोणी वाद घालणार नाही. मग पुराव्याची गरजच काय? जरा धीट व्हा. लिहा: ‘तुतारीच्या आरंभी बंड झालेले नाही, ते अजून व्हायचे आहे.’ आता वाचक म्हणेल, कशावरून?

आता ओळींकडे वळा. अख्ख्या उतरवू नका, लागतील तेवढेच शब्द आपल्या वाक्यात गुंफा. कवी ‘द्या मज आणुनि’ म्हणतो, म्हणजे तुतारी त्याच्या हाती नाही, ती कोणीतरी आणून द्यायची आहे. ‘फुंकिन’ हा भविष्यकाळ, म्हणजे आवाज अजून उमटलेला नाही. आणि मग येतो ‘स्वप्राणाने’. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. वाद्य मागून घेतलेलं चालेल, पण त्यात ओतायचा प्राण स्वतःचाच. त्यामुळे त्या मागण्यात लाचारी उरत नाही, तो निर्धार होतो.

उद्धृत केले जेमतेम पाच शब्द, बाकी सगळं विवेचन. मला परिच्छेद असा हवा.

ओळी मात्र पुस्तकात बघूनच लिहा, आणि आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे सुधारू नका. या दोन्ही ओळी १६-१६ मात्रांच्या आहेत. ‘फुंकिन’चं ‘फुंकीन’ केलंत, की एक मात्रा वाढते आणि लय अडखळते.

आणि हो, विरोधात जाणारी ओळ लपवू नका. याच कवितेत पुढे ‘सावध! ऐका पुढल्या हाका!’ येतं. सुरुवातीला मागणारा कवी इथे इतरांना बजावतो आहे. मग तुतारी त्याला मिळाली का? की तुतारीशिवायच हाक सुरू झाली? माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे. तुमचं उत्तर वेगळं असेल, तर पुढचा परिच्छेद त्याच ओळीवर लिहा, आणि कोणत्या शब्दाच्या आधारे ते ठरवलंत, तेही दाखवा.