थिरथिरा: रंगाआधी शेपटी बघा

मंडळी, थिरथिरा हा हिवाळ्यात आपल्याकडे येणारा छोटा पक्षी ओळखताना बहुतेकांची चूक होते ती रंगापासून सुरुवात केल्यामुळे. पुस्तकातल्या चित्रातला नर वरून काळा आणि पोटाला विटकरी-नारिंगी, मादी मातकट. हे डोक्यात ठेवून सकाळी माळावर गेलात, की उन्हाच्या बाजूला बसलेला नर नुसता काळा ठिपका दिसतो आणि मादी ढेकळांत हरवून जाते. म्हणून रंग जरा बाजूला ठेवू आणि आधी शेपटी बघू.

पक्षी चिमणीएवढाच, लांबी साधारण १५ सेंटिमीटर, पण अंगानं सडपातळ. वजन १५ ग्रॅमच्या आसपास. दगडावर उतरल्यावर तो आधी किंचित लवतो आणि मग शेपटी थरथरवतो. छेडलेली तार काही क्षण कापत राहते, तशी ती कापते. मग थोडा वेळ सामसूम, आणि पुन्हा तेच. थिरथिरा हे नाव यावरूनच पडलं. धोबी पक्षीही शेपटी हलवतो, पण त्याची हालचाल मोठी, वर-खाली, सावकाश. चीरक हा दुसरा छोटा पक्षी तर शेपटी पाठीवर उभीच धरतो.

खरा घोळ होतो तो या चीरकाशी. तोही काळा, तोही जमिनीलगत वावरणारा, त्यालाही तांबडा रंग आहेच. पण तो कुठे आहे ते पाहा. चीरकाचा तांबडा रंग शेपटीच्या बुडाखाली, बुडापुरता असतो. शेपटी स्वतः काळी. शिवाय चीरक नराच्या खांद्यावर पांढरा पट्टा असतो, उडताना तो लगेच दिसतो. थिरथिऱ्याचं उलट: शेपटी आणि कंबर तांबडी, शेपटीच्या बारा पिसांपैकी मधली दोन तेवढी गडद तपकिरी. पक्षी तुमच्याकडे पाठ करून उडाला, की तांबड्या शेपटीत मधोमध एक काळसर रेघ दिसते. मादीलाही हीच शेपटी असते. नर-मादीच्या भानगडीत न पडता नुसत्या शेपटीवर नोंद करता येते, ती यामुळे. मादीच्या डोळ्याभोवती फिकट कडंही असतं. मात्र त्यासाठी पक्षी जवळ हवा आणि ऊन तुमच्या पाठीमागे हवं.

नराच्या रंगाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. ऑक्टोबरात आलेला नर काळाभोर नसतो, राख फासल्यासारखा दिसतो. विणीनंतर आलेल्या नव्या काळ्या पिसांना करड्या-तपकिरी कडा असतात. हिवाळाभर या कडा झिजत जातात आणि खालचा काळा रंग उघडा पडतो. म्हणजे मार्चमधला तुकतुकीत काळा नर नवी पिसं ल्यायलेला नसतो. त्याचं जुनंच पीस घासून घासून काळं झालेलं असतं. त्यामुळे ऑक्टोबरातला करडा नर पाहून ‘हा वेगळ्या जातीचा’ असं लिहून मोकळं होऊ नका.

आता जागा. त्याला दाट झाडी नको. उघडी, खुरट्या गवताची किंवा नांगरलेली जमीन हवी आणि तिच्यावर नजर ठेवायला बेताच्या उंचीची बैठक हवी: शेताचा बांध, दगडी गडगा, कुंपणाचा खांब, पडक्या घराची भिंत, गोठ्याचं छप्पर. तिथून तो खाली झेपावतो, मुंगी, भुंगेरा, कोळी किंवा अळी टिपतो आणि परत वर येऊन बसतो. अधूनमधून हवेतली माशीही पकडतो, बारीक फळंही खातो, पण मुख्य शिकार जमिनीवरची. गवत गुडघाभर वाढलं तर ही पद्धत चालत नाही, कारण वरून भक्ष्य दिसतच नाही. उजाड म्हणून हिणवलेला माळ त्याच्या दृष्टीनं भरलेलं ताट असतं. अशा माळावर ‘हिरवाई’ म्हणून दाटीनं झाडं लावली, की त्याची जागा गेलीच.

हिवाळ्यात तो एकटा राहतो. नराचा आपला पट्टा, मादीचा आपला. दोन थिरथिरे एकत्र दिसले तर जोडी समजू नका, बहुतेक वेळा ते भांडण असतं. एक दुसऱ्याला ‘टिक्, टिक्’ करत हाकलत असतो. त्याच भिंतीवर दर वर्षी थिरथिरा दिसतो हे खरं, पण तो पक्षी तोच की दुसरा, हे पायात ओळखीसाठी घातलेली कडी असल्याशिवाय सांगता येत नाही.

विणीसाठी तो परत जातो हिमालयाच्या उंच, कोरड्या भागात, लडाखसारख्या प्रदेशात, आणि त्यापलीकडे तिबेट व मध्य आशियात. तिथेही आवड तीच: दगड आणि उघडी जमीन. खडकाच्या फटीत किंवा दगडी भिंतीच्या भोकात मादी गवत आणि शेवाळाचं वाटीसारखं घरटं बांधते, आत लोकर आणि केसांचं अस्तर घालते. अंडी चार ते सहा. उबवण्याचं काम मादीचं, सुमारे दोन आठवडे. भरवायला मात्र नरही असतो.

जाता-येताना प्रवास मुख्यतः रात्रीचा. रात्री हवा थंड आणि शांत असते, आणि दिवस खाण्यासाठी मोकळा राहतो. त्यामुळे थिरथिऱ्यांचे थवे जाताना तुम्हाला दिसणार नाहीत. काल भिंत रिकामी होती, आज तिच्यावर एक शेपटी थरथरते आहे, एवढंच कळतं.

नोंदी ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. पहिल्या आगमनाची तारीख सगळे हौसेनं लिहितात, मार्च-एप्रिलमधली शेवटची मात्र हुकते, कारण त्या दिवशी तो शेवटचा आहे हे कुणालाच माहीत नसतं. एकच ठरावीक भिंत किंवा बांध निवडा, सूर्य वर आल्यावर अर्ध्या तासानं तिथे जा, वीस-पंचवीस पावलांवर दहा मिनिटं उभे राहा. आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण पुरते. त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून त्याला बोलावू नका. तो दुसरा थिरथिरा आला समजून खाणं सोडून हुज्जत घालायला येतो. आणि दिसला नाही, त्या दिवशीही वहीत तारीख घालून ‘नाही’ लिहा. शेवटच्या ‘आहे’ला अर्थ येतो तो पुढच्या सलग ‘नाही’मुळे.