‘आलमगीर’ कोरलेला लाल खडा

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना वाटेत खुलताबाद लागते. तेथील दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची कबर आहे. तिच्यावर छत नाही, उघड्या मातीत सब्जाचे रोप आहे. १७०७ साली निधन पावलेल्या या बादशहाचे ‘आलमगीर’ हे नाव एका लाल खड्यावर कोरलेले असून तो खडा आज ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. ‘तिमूर रुबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खड्याचे वजन सुमारे ३५२ कॅरेट, म्हणजे ७० ग्रॅमच्या आसपास आहे. जहांगीर, शाहजहान, आलमगीर, फर्रुखसियर आणि अहमदशाह दुर्राणी अशी मालकांची नावे त्याच्यावर एकापाठोपाठ एक कोरली गेली. दिल्लीच्या लुटीनंतर नादिरशहानेही आपला लेख त्यात भरला. लाहोरच्या खजिन्यातून ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती पडलेला हा खडा १८५१ मध्ये राणी व्हिक्टोरियाला नजर करण्यात आला.

मात्र नाव ‘रुबी’, म्हणजे माणिक, असले तरी तो माणिक नाही. आपले सराफ ज्याला लालडी म्हणतात, तो हा स्पिनेल. ब्रिटिश राजमुकुटाच्या दर्शनी भागातील सुमारे १७० कॅरेटचा ‘ब्लॅक प्रिन्स रुबी’ हादेखील स्पिनेलच आहे. यात कोणी कोणाला फसवले, असे समजणे अन्यायाचे होईल. मोगल दरबारात स्पिनेलसाठी ‘लाल’ आणि माणकासाठी ‘याकूत’ असे दोन वेगळे शब्द होते, आणि अफगाणिस्तान-ताजिकिस्तान सीमेवरच्या बदख्शान प्रदेशातल्या लालाला तेथे मोठा मान होता. घोटाळा झाला तो प्रत्येक लाल रत्नाला एकच नाव देणाऱ्या युरोपात. दोन्ही खड्यांना लाली देते ते क्रोमियमच. पण माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, नीलमाचे सख्खे भावंड, आणि कठिणपणात हिऱ्याच्या खालोखाल; स्पिनेलमध्ये मॅग्नेशियमही असते, आणि माणकात शिरलेला प्रकाशकिरण जसा दोन किरणांत दुभंगतो, तसा तो स्पिनेलमध्ये दुभंगत नाही.

मराठवाड्याचा काळा पाषाण, ज्यात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, गारगोट्या आणि झिओलाइटचे सुंदर स्फटिक भरभरून देतो. माणिक मात्र त्यातून मिळत नाही, कारण ते जन्मायला ॲल्युमिनियम विपुल आणि सिलिका अत्यल्प असा खडक लागतो. म्यानमारमधील मोगोकचा संगमरवर तसा आहे. त्या संगमरवरात लोह फार कमी असल्यामुळे तेथील माणिक सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी स्वतःच लाल चमकते. ज्याला पारव्याच्या रक्ताचा रंग म्हणतात, त्याचे रहस्य या आतून उजळण्यात आहे. त्या माणकात अतिसूक्ष्म सुयांचे जाळे असते. जवाहिरे त्याला ‘रेशीम’ म्हणतात. हे रेशीम प्रकाश मऊपणे पसरवते, म्हणून खड्याचा रंग सगळीकडे सारखा खुलतो. दोष म्हणून ज्याकडे बोट दाखवले जाईल, तेच येथे शोभा होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मोलाचा हिशेब दोन खड्यांवरून स्पष्ट होतो. २०१५ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात ‘सनराइज रुबी’ हे मोगोकचे, उष्णतेची प्रक्रिया न झालेले २५.५९ कॅरेटचे माणिक सुमारे ३ कोटी ३ लाख डॉलरला गेले. वजन पाच ग्रॅमहून जरासे अधिक. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मोझांबिकचे ५५.२२ कॅरेटचे ‘एस्त्रेला दे फुरा’ सुमारे ३ कोटी ४८ लाख डॉलरला विकले गेले. मूळ १०१ कॅरेटच्या कच्च्या खड्यातून ते घडवले होते. वजन दुपटीहून अधिक, तरी एकूण किंमत थोडीच जास्त. म्हणजे दर कॅरेटला पहिल्याचा भाव जवळपास १२ लाख डॉलर, तर दुसऱ्याचा सव्वासहा लाख. वर्षे वेगळी, बाजार वेगळे, हे मान्य करूनही रंग आणि जन्मस्थान यांचे पारडे किती जड असते, ते येथे दिसते.

आता आपल्याकडच्या सराफ्यात येऊ. सूर्याचे रत्न म्हणून अनामिकेत माणिक घालणारे घरोघरी आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचणारे स्वस्त, मोठे, गडद लाल खडे पुष्कळदा भेगाळलेल्या माणकात शिसेयुक्त काच भरून तयार केलेले असतात. दहापट मोठे दाखवणारे भिंग डोळ्याला लावून असा खडा दिव्याखाली हळूहळू फिरवला, की भेगांमध्ये अडकलेले हवेचे गोल बुडबुडे दिसतात आणि एका विशिष्ट कोनात निळसर झळक चमकून जाते. त्या काचेला लिंबाचा रसही खातो आणि सोनाराच्या ज्योतीची धगही सोसत नाही. म्हणून अंगठी दुरुस्तीला आली, की जाणता कारागीर आधी कोंदणातला खडा काढून कागदाच्या पुडीत ठेवतो, आणि मगच ज्योत पेटवतो.