सिरपच्या बाटल्या संपल्या, खोकला मात्र तिथंच

नमस्कार मंडळी! आत्ता खोकत खोकत रेडिओ ऐकत असाल तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे बरं का. ताप गेला, सर्दी गेली, पण खोकला काही हलायला तयार नाही, मेडिकलमधून आणलेलं सिरप संपलं, आल्याचा काढा झाला, हळद-दूध झालं, आणि रात्री अख्ख्या घराची झोपमोड चालूच. असं पुष्कळ घरांत असतं.

आता व्हायरल सर्दीनंतरचा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो, आणि बहुतेक वेळा तो आपला आपण जातो. त्याच्या पुढे गेला की कारण शोधायलाच हवं. आणि कारण कुठं सापडतं माहितीये? दरवेळी छातीत नाही! म्हणून डॉक्टर विचारतात, खोकला येतो कधी? तर दोन-चार दिवस जरा लक्ष ठेवा. पहाटे उबळ येते, धुळीनं येते, जोरात हसलं की येते, तर दमा असू शकतो, छातीत शिट्टी वाजलीच पाहिजे असं काही नाही, काहींचा दमा नुसता खोकल्यातूनच बोलतो. जेवून आडवं झाल्यावर येतो, तोंडात आंबट येतं, तर ॲसिडिटी बघा, म्हणजे पोटातलं ॲसिड वर घशाकडे येतं, आणि गंमत म्हणजे जळजळ अजिबात नसतानाही हे होतं. घशात सतत काहीतरी उतरतंय, खाकरावं लागतंय असं वाटत असेल तर कारण नाकात किंवा सायनसमध्ये.

आणि एक कारण घरातल्या गोळ्यांच्या डब्यात असतं, ते कुणाच्या डोक्यातच येत नाही. बीपीच्या काही गोळ्या असतात, नावाच्या शेवटी 'प्रिल' येतं, रॅमिप्रिल, एनालाप्रिल वगैरे. त्यांनी काहीजणांना कोरडा, घसा खवखवणारा खोकला लागतो, कधी गोळी सुरू केल्यावर काही महिन्यांनी, मग संबंध लागणार कसा? पण ऐका हं, गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही, बीपी चढेल. डॉक्टरांना सांगा, ते दुसरी देतात. खोकला सहसा एक ते चार आठवड्यांत थांबतो, एखाद्याला तीन महिनेही लागतात.

बिडी-सिगारेटचं तर माहितीच आहे सगळ्यांना. पण जन्मात बिडीला हात न लावलेल्या, वर्षानुवर्षं चुलीपुढं बसलेल्या आपल्या मावश्या-आत्यांची फुप्फुसंही धुरानं खराब होतात, त्यांचा खोकला 'वयानुसार' म्हणून सोडून देतात, याचा मला खरंच राग येतो. शहरात बाल्कनीत कबुतरांचा मुक्काम असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, विष्ठेच्या आणि पिसांच्या धुळीनं काहींच्या फुप्फुसांना सूज येते. आणि लहान मूल चांगलं खेळता खेळता एकदम खोकायला लागलं तर शेंगदाणा श्वासनलिकेत अडकलेला असू शकतो, तिथं सिरप-बिरप नको, थेट दवाखाना.

आता टीबी. नाव काढलं की लोक आवाज बारीक करतात! दोन आठवडे खोकला टिकला की आपल्याकडे बेडका तपासायचाच, आठ आठवड्यांची वाट बघायची नाही. संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरतंय, असं असेल तर आणखीच घाई करा. बेडक्यात रक्त दिसलं किंवा धाप लागत असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि बिडी ओढणाऱ्याचा नेहमीचा खोकला अचानक बदलला तर एक्स-रे हवाच, कॅन्सरही असू शकतो. टीबीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, साध्या टीबीला साधारण सहा महिने गोळ्या, पण बरं वाटलं म्हणून दुसऱ्या महिन्यात सोडल्या तर टीबी उलटतो आणि मग जास्त चिवट होतो.

बेडका तपासायला दवाखान्यात डबी दिली की बरेचजण लाळ थुंकून देतात, त्यातून काय कळणार? सकाळी उठल्यावर चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या, मोकळ्या हवेत उभं राहून छातीतून खोकून बेडका काढा, झाकण घट्ट लावा आणि नेऊन द्या.