गलाटा, गलका आणि इंग्रजीतला 'रायट'

अध्यक्ष महाराज, वाचनालयाची मंडळी आणि मित्रहो,

पत्रिकेवर 'गोंगाटाचे इंग्रजी शब्द आणि त्यांचा वापर' असं छापलंय. त्यावर बोलणारच आहे. पण हा विषय मी मागून का घेतला ते आधी सांगू द्या. इंग्रजीत गडबडीला पुष्कळ शब्द आहेत, आणि त्यातला प्रत्येक शब्द कुणावर तरी ठपका ठेवतो किंवा कुणाला तरी मोकळं सोडतो. आपल्या बेळगाव भागात तर हे फार जपायला हवं. आपण भांडतो मराठीत, समजूत निघते कानडीत आणि कागदावर जातं ते इंग्रजीत. तो कागद वाचणारा माणूस त्या वेळी तिथं नसतो. त्याला जे कळायचं ते त्या एका शब्दावरून.

काही वर्षांपूर्वीची विसर्जनाची रात्र. आमच्या गल्लीचा ट्रॅक्टर आणि शेजारच्या गल्लीचा ट्रॅक्टर कपिलेश्वर तलावाकडं वळताना एकदमच येऊन भिडले. आधी कुणी जायचं? दोन्हीकडचे ढोल थांबेनात, त्यामुळं कुणाचं कुणाला ऐकू येईना. तेवढ्यात आमच्या एका पोराच्या हातातली झांज सुटली, ती घरंगळत ट्रॅक्टरच्या चाकाखाली गेली आणि तिची पार चपाती झाली. मग काय, आवाज आणखी चढला. "मागं घ्या की ओ जरा!" "तुम्हीच घ्या की, आम्ही कवापास्नं थांबलोय!" बंदोबस्तावरचा पोलीस दोघांच्या मध्ये उभा राहून "गलाटे माडबेडरी!", म्हणजे कानडीत 'गडबड करू नका', म्हणून ओरडत होता. शेवटी एक म्हातारे काका ट्रॅक्टरच्या पायरीवर चढले, दोन्हीकडच्या ढोलवाल्यांना हात जोडले आणि ढोल थांबले. ढोल थांबल्यावर तंटाही थांबला. शेजारची गल्ली पुढं गेली, आम्ही मागनं गेलो. कुणी कुणाच्या अंगाला बोट लावलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका इंग्रजी वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. त्यात शब्द होता 'रायट', म्हणजे दंगल.

गल्लीतला एक मुलगा बेंगळुरूला नोकरीला. ऑफिसात कुणीतरी त्याला ते दाखवलं. घरी फोन लागेना, कारण आई रात्रभर मिरवणुकीत होती आणि फोन चार्जिंगविना बंद पडलेला. पोरगा मिळेल त्या बसनं निघाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दारात हजर. "आई, काय झालंय गल्लीत?" "काय झालंय म्हणजे? आत ये की. चहा ठेवते." त्या मुलाचा चेहरा मी दारातून पाहिलाय. रात्रभर तो काय काय मनात आणत आला असेल! बातमी लिहिणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही. पण तो शब्द त्यानं पारखून घेतला नाही, याचा राग मला आजही आहे.

कारण 'रायट' हा कायद्यातला शब्द आहे. 1860 च्या दंडसंहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 191 मध्ये आहे. पाच किंवा अधिक माणसांचा बेकायदा जमाव लागतो, त्यांचा एक हेतू लागतो आणि त्या हेतूसाठी बळाचा किंवा हिंसेचा वापर व्हावा लागतो. इंग्लंडात 1714 चा रायट ॲक्ट होता. बारा किंवा अधिक लोक जमले की अधिकारी ठरलेला मजकूर मोठ्यानं वाचायचा, आणि तासाभरात जे पांगले नाहीत त्यांची खैर नसायची. दोघंच चव्हाट्यावर मारामारी करून शांतता मोडत असतील तर कायद्यात त्याला 'अफ्रे' म्हणतात, ते कलम 194. आमच्या वळणावर यातलं काहीच नव्हतं. तिथं होता 'कमोशन', म्हणजे नुसती गडबड. फार तर 'राव' (row), म्हणजे तोंडातोंडी. त्याचा उच्चार 'काऊ'शी जुळणारा, 'राव' असा करायचा. 'रो' म्हटलं तर रांग होते.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहाच मिनिटं उरलीत. तर आता पत्रिकेवरचा विषय, भराभर.

'हबब' म्हणजे खूप माणसं एकदम बोलत असल्याचा गलका. शनिवारी खडेबाजारात असतो तो. यात दोष कुणाचाच नाही. 'डिन' हा नुसता कानठळ्या बसवणारा, न थांबणारा आवाज. यंत्राचाही चालतो. 'रॅकेट' हा त्रास देणारा आवाज, वर्गातल्या पोरांना मास्तर म्हणतात तो. आपल्या वर्तमानपत्रांना 'रॅकेट' म्हणजे फक्त टोळीचा बेकायदा धंदा माहीत आहे. तोही अर्थ खराच आहे.

'अपरोर' यात 'रोर' म्हणजे गर्जना ऐकू येते, पण शब्द डच-जर्मन घराण्यातला आहे आणि मुळात अर्थ उठाव. त्यात विरोध असतो. हिवाळ्यात आपल्या सुवर्णसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सभागृहात होतो तो 'अपरोर'. तिथं 'हबब' लिहिलं तर विरोधकांवर अन्याय होतो.

'बेडलम' हा लंडनच्या बेथलेम रुग्णालयावरून आलाय. 1247 मध्ये स्थापन झालेली ती संस्था पुढं मनोरुग्णांसाठी ओळखली गेली. आजारी माणसांच्या आक्रोशातून घडलेला शब्द आहे, मी स्वतः तो वापरत नाही. 'पँडेमोनियम' इंग्रज कवी मिल्टननं 1667 मध्ये घडवला. सैतानाच्या राजधानीचं ते नाव, आणि तिथं चक्क सभा भरते! आज मात्र सगळा ताबा सुटला तरच तो लिहावा. 'ब्रूहाहा' आणि 'फ्युरोर' हे बहुधा आवाजाचे नाहीतच, एखाद्या गोष्टीवरून उठलेल्या चर्चेचे आणि संतापाचे आहेत.

इथं बसलेल्या तरुण वार्ताहरांना एक विनंती. लिहिण्याआधी तीन गोष्टी विचारा: माणसं किती होती, हात उगारला गेला का, आणि कुणी कशाला विरोध करत होतं का. मग शब्द निवडा.

आणि शेवटचं. लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेत 'गोंधळ'ला 'कमोशन' छापलेलं मी पाहिलंय. तिथं सरळ 'गोंधळ' लिहा आणि खाली एक ओळ घाला की हा कुलदेवीचा विधी आहे, गोंधळी येतात, दिवटी पेटते, संबळ-तुणतुण्यावर रात्रभर देवीची गाणी होतात.