साचलेलं पाणी आणि शेवाळाचा उद्रेक

जलाशय हिरवा पडला की पहिला प्रश्न येतो तो खतांचा आणि सांडपाण्याचा. तो रास्तच आहे. स्फुरद (फॉस्फरस) आणि नत्र (नायट्रोजन) नसेल तर शेवाळाचं एवढं पीक येणार कुठून? पण तेवढ्याने उलगडा होत नाही. पाण्यात स्फुरद तेवढाच असताना एका वर्षी जलाशय नितळ राहतो आणि दुसऱ्या वर्षी आठवडाभरात त्यावर जाड तवंग धरतो. हा फरक बऱ्याचदा पाण्याच्या हालचालीमुळे पडतो, आणि तिच्याकडे आपलं फार दुर्लक्ष होतं.

प्रवाहाचं गणित सरळ आहे. शेवाळाला दुप्पट व्हायला साधारण एक ते काही दिवस लागतात. पाणी त्याआधीच पुढे निघून गेलं, तर शेवाळही त्याच्यासोबत जातं. अडलेल्या पाण्यात मात्र त्याला हवी तेवढी सवड मिळते. १९९१च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातल्या बार्वन आणि डार्लिंग नद्यांचा प्रवाह अगदी मंदावला, तेव्हा जवळपास १,००० किलोमीटरच्या पात्रात विषारी नीलहरित शेवाळ (सायनोबॅक्टेरिया) पसरलं. न्यू साउथ वेल्स सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली होती.

पण खोल जलाशयात वाहण्यापेक्षा महत्त्वाचं असतं ते पाण्याचं खालीवर होणं. उन्हाने वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि गार पाण्यावर तरंगत राहतं. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ४ आणि ५ अंशांच्या पाण्याच्या घनतेत जेवढा फरक असतो, त्याच्या तीसपटीहून जास्त फरक २९ आणि ३० अंशांच्या पाण्यात असतो. म्हणजे उबदार पाण्यात एखाद्या अंशाच्या फरकानेही थर पक्के होतात आणि हलक्या वाऱ्याला ते मोडता येत नाहीत. मग खालच्या थरात वरून ऑक्सिजन पोचत नाही. तो संपला की गाळात लोहाने धरून ठेवलेला स्फुरद सुटून पाण्यात येतो.

अशा स्तब्ध पाण्यात कोण जिंकतं? डायटम या एकपेशीय शेवाळावर सिलिकाचं जड कवच असतं. पाणी ढवळलं गेलं नाही तर ते बुडतात आणि उजेडाला मुकतात. मायक्रोसिस्टिससारख्या नीलहरित शेवाळाच्या पेशींत मात्र वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. दिवसा उजेडात साखर साठली की त्याचे पुंजके जड होऊन खाली जातात, आणि ती खर्ची पडली की पुन्हा वर येतात. हे डोळ्यांनी पाहता येतं. हातमोजे घालून असं पाणी पारदर्शक बाटलीत घ्या आणि तासभर हलवू नका. वर हिरवी साय धरली तर ते बहुधा तरंगणारं नीलहरित शेवाळ असतं.

पाणी जोरात ढवळलं, की तरंगण्याचा हा फायदा संपतो. ॲमस्टरडॅमच्या न्यूवे मेर या सुमारे ३० मीटर खोल तलावात १९९३पासून तळातून हवेचे बुडबुडे सोडायला सुरुवात झाली. पोषकद्रव्यं भरपूर असूनही मायक्रोसिस्टिस मागे हटलं आणि डायटम व हिरव्या शेवाळाने त्याची जागा घेतली. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. पण तो डोळे झाकून उचलू नये. उथळ जलाशयात कितीही ढवळलं तरी शेवाळाला उजेड मिळतच राहतो. आणि यंत्रणा तोकडी पडली तर ती थर पुरते मोडत नाही, फक्त तळाचा स्फुरद वर आणून देते. असं काम अर्धवट करण्यापेक्षा न केलेलं बरं.

नमुने घेतानाही हालचालीचं भान हवं. वारा तवंग ढकलत एका काठाला नेतो. एकाच जागी बादली बुडवली तर कधी उगाच घबराट होते, कधी खोटा दिलासा मिळतो. म्हणून पृष्ठभागापासून तळापर्यंत ठरावीक खोलींवर तापमापक लावावेत, हा माझा आग्रह आहे. वरचा थर रात्री गार होऊन मिसळतो की दिवसेंदिवस तसाच टिकतो, एवढी नोंद रोज ठेवली तरी धोक्याची चाहूल लवकर लागते. मग उपसा कोणत्या खोलीवरून घ्यायचा आणि विसर्ग कधी वाढवायचा, हे तवंग दिसायच्या आधीच ठरवता येतं.