किल्ली कोणाची, भरवसा कोणावर

ईमेल दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नये म्हणून तो कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करायचा असेल, तर क्लिओपात्रासारखं अ‍ॅप उघडलं, नाव आणि ईमेल लिहिला, पासफ्रेज (लांबलचक पासवर्ड) दिला की किल्ल्यांची जोडी तयार. पब्लिक की पत्र बंद करते, ती वाटायची; प्रायव्हेट की ते उघडते, ती कोणालाही द्यायची नाही. इथवर सहसा कोणी अडत नाही.

अडतं ते दुसऱ्याची किल्ली आपल्या यादीत आल्यावर. तिच्यावर ओळखीचं नाव दिसतं, पण ते नाव किल्ली बनवणाऱ्याने टाइप केलेलं असतं. माझ्या नावाची किल्ली तुमच्यापैकी कोणीही दोन मिनिटांत बनवू शकेल. तिने बंद केलेलं पत्र तुम्ही मला पाठवलंत, तर कुलूप भक्कमच लागेल, पण ते मला उघडणार नाही. ज्याने किल्ली बनवली त्याला उघडेल.

म्हणून फिंगरप्रिंट, म्हणजे किल्लीवरूनच निघणारी तिची ओळखखूण, ताडून बघायचा. क्लिओपात्रा ज्यावर चालतं त्या ग्नूपीजी या प्रोग्रामच्या सर्रास वापरातल्या किल्ल्यांचा फिंगरप्रिंट 40 अक्षरांचा असतो. क्लिओपात्रा तो चार-चारच्या गटांत दाखवतं. मी समोरच्याला फोन लावतो. नंबर माझ्याकडे आधीपासून असलेला घ्यायचा, किल्लीबरोबर आलेल्या मेलमधला घ्यायचा नाही. वाचायचं मात्र किल्लीच्या मालकाने. मी वाचत गेलो, तर तो प्रत्येक गटाला नुसतं ‘हो, हो’ म्हणत राहील. फोनवर ‘बी’ आणि ‘डी’ सारखेच ऐकू येतात, तिथे थांबून पुन्हा विचारायचं. शेवटची आठ अक्षरं जुळली की काम झालं, असं समजू नका. आठ अक्षरं म्हणजे 32 बिट, आणि तेवढी जुळणारी नकली किल्ली साध्या संगणकावर बनवता येते.

सगळं जुळलं की ‘प्रमाणित करा’. त्याचा अर्थ इतकाच, की ही किल्ली याच माणसाची आहे, असं मी स्वतः पाहिलं. त्याशिवाय अ‍ॅपमध्ये आणखी एक भरवसा नोंदवता येतो: या माणसाने इतरांच्या किल्ल्या प्रमाणित केल्या, तर तुम्ही ते मानाल का? इथे फार गल्लत होते. ‘माझी जिवाभावाची मैत्रीण आहे’ म्हणून लोक ‘पूर्ण भरवसा’ निवडतात. तिच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. पण ती 40 अक्षरं ताडते, की नाव बघून सही ठोकते? ग्नूपीजीच्या मूळ सेटिंगनुसार पूर्ण भरवशाच्या एकाची साक्ष पुरते, थोड्या भरवशाच्या तिघांची लागते. म्हणजे तिने घाईत प्रमाणित केलेली परकी किल्ली तुमच्याकडेही खरी म्हणून दिसू लागेल. फिल झिमरमन यांनी 1991 मध्ये पीजीपी हा ग्नूपीजीचा पूर्वज प्रोग्राम लोकांच्या हाती दिला, त्यानंतर रुजलेली भरवशाच्या जाळ्याची ही कल्पना मला अजूनही सुंदर वाटते. पण तिच्यात प्रत्येक साक्षीदाराने आपलं काम केलेलं असावं लागतं.

आता माझीच एक चूक सांगतो. माझ्या पहिल्या किल्लीचा पासफ्रेज मी विसरलो. किल्ली रद्द करण्याचं प्रमाणपत्र काढून ठेवलं नव्हतं, मुदतही घातली नव्हती. पब्लिक की मात्र जुन्या पद्धतीच्या की-सर्व्हरवर, म्हणजे किल्ल्यांच्या सार्वजनिक साठ्यावर, चढवली होती, आणि तिथून ती पुसता येत नाही. ग्नूपीजी 2.1 पासून ते प्रमाणपत्र किल्लीबरोबर आपोआप तयार होतं. त्याची प्रत आजच पेनड्राइव्हवर किंवा कागदावर वेगळी काढून ठेवा. मुदतही घाला, प्रायव्हेट की हाताशी असेपर्यंत ती वाढवता येते.

त्या जुन्या किल्लीने बंद केलेली पत्रं मला अजून अधूनमधून येतात. मी ती उघडू शकत नाही. पाठवणाऱ्याला फोन करतो आणि नव्या किल्लीचा फिंगरप्रिंट सावकाश, चार-चार अक्षरं करून, वाचून दाखवतो.