४२९ कोटींची फसवी संख्या

नमस्कार मंडळी. आज एकाच संख्येवर बोलणार आहे, पेन जवळ असेल तर लिहून घ्या कारण नुसती ऐकून ही डोक्यात राहत नाही: ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९७. म्हणजे २ चा ३२ वा घात, अधिक १.

आता शाळेतल्या कसोट्या लावा. शेवटी ७, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ५९, म्हणजे ३ गेला. ७, ११, १३, कशानेच भाग जात नाही, अगदी ६०० पर्यंतची एकही मूळ संख्या लागू पडत नाही, त्यामुळे कुणालाही वाटणारच की ही मूळ आहे.

फर्मा या फ्रेंच गणितज्ञालाही तसंच वाटलं होतं, सतराव्या शतकात. २ चे १, २, ४, ८, १६ हे घात घेऊन १ मिळवला की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ येतात, पाचही मूळ, मग सहावी का नसेल? सिद्धता मात्र काही जमली नव्हती.

१७३२ मध्ये ऑयलर या स्विस गणितज्ञाने सांगितलं की हिला ६४१ ने भाग जातो, दुसरा अवयव ६७,००,४१७. सरळ भागत बसलं तर हिच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या आहेत, बसा करत. पण हिच्या कुठल्याही विभाजकाला ६४ ने भागलं की बाकी १ च उरते, हे त्याने पुढे सिद्धही केलं. अशा मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग ६४१. पाचव्या भागाकाराला खेळ खल्लास!

भागाकारही नको असेल तर हे बघा, मला हे फार आवडतं. ६४१ ने भागल्यावरच्या बाक्यांमध्ये विचार करा. ५ गुणिले १२८ म्हणजे ६४०, म्हणजेच उणे १. याचा चौथा घात करा, तर ५ चा चौथा घात गुणिले २ चा २८ वा घात बरोबर १. आता ५ चा चौथा घात ६२५, म्हणजे ६४१ ला १६ कमी, म्हणजे उणे १६, आणि १६ म्हणजे २ चा चौथा घात. ते तिथे टाकलं की २ चा ३२ वा घात बरोबर उणे १, म्हणजे आपल्या संख्येची बाकी शून्य. झालं.

अजून एक गंमत. ही संख्या ६५,५३६ चा वर्ग अधिक १ चा वर्ग आहे, ते उघडच आहे, पण ६२,२६४ चा वर्ग अधिक २०,४४९ चा वर्ग केला तरी हीच येते (करून बघा). मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून दोन वेगळ्या तऱ्हांनी लिहिताच येत नाही, म्हणजे एकही अवयव न शोधता चोरी पकडली गेली.

आणि हिच्यातून २ वजा केले की येते ती संगणकाच्या ३२ बिटांत (म्हणजे ० किंवा १ च्या ३२ जागांत) मावणारी सगळ्यात मोठी पूर्ण संख्या, जी बरोब्बर ३ गुणिले ५ गुणिले १७ गुणिले २५७ गुणिले ६५,५३७ आहे. तेवढ्या बाजूंचा सुसम बहुभुज पट्टी आणि कंपासने निदान तत्त्वतः काढता येतो, आणि विषम बाजूंचा त्याहून मोठा कुणालाच माहीत नाही. त्यासाठी फर्माच्या रांगेतली सहावी मूळ संख्या लागेल. आपल्या या संख्येपासून सलग २८ संयुक्त निघाल्यात, २९ वीचा निकाल अजून लागायचाय.